सायकली निघाल्या मांडवला

सकाळी दहाच्या सुमाराला मनावरच्या रस्त्यावर उभं राहिलं की सायकलींचा एक लोंढाच दिसतो. आजूबाजूच्या खेड्यांतून शाळेला येणाऱ्या मुली, दोन वेण्या, मागच्या कॅरियरला दाबून बसवलेलं दप्तर आणि तोंडानं अखंड चाललेली निमाडी. सहावी आणि नववीच्या मुलांना मध्य प्रदेश सरकार मोफत सायकल देतं, शाळा गावापासून लांब असली तर. त्या सायकलींनी आमच्या भागात काय केलं ते मला वेगळं सांगायला नको. माझ्या वर्गात आज पहिल्या बाकावर बसणाऱ्या कितीतरी मुली त्या दोन चाकांवर बसूनच कॉलेजपर्यंत पोचल्या आहेत.

तर सायकल ही आमच्याकडे नवलाची वस्तू नाही. ती बसच्या टपावर जाते, जीपच्या मागे शिडीला लटकते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापसाच्या गाठोड्यावर आडवी पडून येते. होळीच्या आधी भगोरिया हाटाच्या आठवड्यात तर जीपच्या टपावर माणसं, ढोल आणि सायकली यांपैकी कोण कोणाला धरून बसलं आहे ते सांगता येत नाही. पण मोटारीच्या मागे खास सायकल टांगायचा लोखंडी सांगाडा, ज्याला पुण्याकडे नुसतं 'रॅक' म्हणतात, तो मनावरला बहुधा पहिल्यांदा आमच्याच दारात आला.

तो आणला माझ्या धाकट्या दिरांनी. ते पुण्यात असतात आणि चाळिशीनंतर त्यांना सायकलीचं वेड लागलं. पुणे एके काळी सायकलींचं शहर होतं, मग स्कूटरींचं झालं, आणि आता तिथं पुन्हा सायकली आल्या आहेत, पण त्या कामाला जाण्यासाठी कमी आणि रविवारसाठी जास्त. पुण्याहून गोव्यापर्यंत जाणारी 'डेक्कन क्लिफहँगर' ही सहाशे किलोमीटरांहून लांब शर्यत, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली जोडीनं पुरी केलेली 'रेस अक्रॉस अमेरिका', हे सगळं भाऊजी आम्हाला जेवताना सांगत असतात. गेल्या दिवाळीत येताना त्यांनी दोन गिअरच्या सायकली आणल्या, आमच्या लेकीसाठी एक आणि ह्यांच्यासाठी एक. जाताना जुना रॅकही ठेवून गेले. "वहिनी, तुमच्या आजूबाजूला मांडव आहे, महेश्वर आहे, बाघ आहे. नुसत्या बघायच्या जागा नाहीत त्या, फिरायच्या आहेत," हे वर.

लेक आठवीत. तिनं तेव्हापासून मांडवचा धोशा लावला. मांडवचं पठार एकदा गाठलं की वर रस्ते बरेचसे सपाट, रहदारी थोडी, आणि इमारती अशा विखुरलेल्या की पायी दमायला होतं आणि गाडीतून काही दिसत नाही. सायकलीसाठी यापेक्षा चांगली जागा माळव्यात नाही. तिथं सायकली भाड्यानंही मिळतात, पण नवी कोरी गिअरची सायकल घरात असताना भाड्याची कोण घेणार? शेवटी मार्गशीर्षातला एक रविवार ठरला.

रॅक बसवायला सोपा होता. डिकीच्या झाकणाच्या कडेला आकडे अडकवायचे, वरून खालून बाजूनं पट्टे ओढायचे, आणि पुढे आलेल्या दोन दांड्यांवर सायकली आडव्या ठेवून बांधायच्या. आतली लेकीची, बाहेरची ह्यांची. काम झाल्यावर हे चार पावलं मागे गेले आणि म्हणाले, "अगं, माझ्या सायकलीचं चाक उजवीकडून जरा बाहेर येतंय."

"येऊ दे हो," मी म्हटलं, "इथे जीपच्या बाहेर माणसं लटकतात. चाकाकडे कोण बघतंय?"

हे वाक्य माझं आहे, म्हणून लिहून ठेवते. गाडी मीच चालवणार होते.

मनावरहून धरमपुरीकडे जाणारा रस्ता मला फार आवडतो. दोन्ही बाजूंना कापूस, मध्येच मिरचीची लाल वाळवणं, आणि थंडीतलं ते पातळ ऊन. अलीकडे सिमेंटच्या कारखान्यामुळे मोठ्या ट्रकांची वर्दळ वाढली आहे, तेवढं सोडलं तर प्रवास शांत. धरमपुरी नर्मदेच्या उत्तर काठावर. नदीतल्या बेटावर बिल्वामृतेश्वराचं देऊळ आहे. सासूबाई होत्या तेव्हा तिथं थांबल्याशिवाय आमची गाडी पुढे जात नसे. त्या दिवशी मात्र लेकीला मांडवची घाई होती.

वाटेतल्या एका गावात बाजार भरला होता. रस्ता अरुंद, दोन्हीकडे भाजीच्या पाट्या, मध्ये गाई. मी अगदी चालीच्या वेगानं जात होते. उजव्या आरशात मागून एक मोटरसायकल येताना दिसली. चालवणारा तरुण, मध्ये चार-पाच वर्षांचं पोर, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली त्याची बायको, लाल ओढणी डोक्यावरून घेतलेली. तो मला ओलांडायला निघाला. मी थोडी डावीकडे दाबली. पुढच्या क्षणी मागून एक किंकाळी आली आणि गाडीला बारीकसा हिसका बसला.

ब्रेक दाबून उतरले. ओढणीचं टोक ह्यांच्या सायकलीच्या ब्रेकच्या दांडीत अडकलं होतं. ती बाई रस्त्यावर उभी होती, पडली नव्हती. नवऱ्यानं मोटरसायकल वेळेवर थांबवली आणि ओढणी मानेला गुंडाळलेली नसून नुसती डोक्यावर होती म्हणून ती निसटून आली होती. पोर रडत होतं. बाईचा हात मानेवर. मानेवर काही नव्हतं, पण हात तिथून हलत नव्हता.

बाजार क्षणात गोळा झाला. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार, आणि त्या खायला मी तयार होते. पण तो तरुण सायकलीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडमजी, इसको अंदर करके बाँधो." एवढंच. मी नव्या ओढणीचे पैसे पुढे केले, ते त्या बाईनं घेतले नाहीत. फाटलेली ओढणी डोक्यावर घेतली आणि गेले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

तिथेच एका चहाच्या टपरीवाल्यानं आम्हाला काय चुकलं ते दाखवलं. सायकल बांधताना आम्ही मधला दांडा घट्ट बांधला होता, पुढचं चाक मोकळं होतं. गाडीच्या हिसक्यांनी ते चाक वळलं, आणि चाक वळलं की हँडल आडवं होतं. सकाळी चाक चार बोटं बाहेर होतं, आता हँडल वीतभर बाहेर आलं होतं, तेही बरोबर उजव्या बाजूला, जिथून लोक ओलांडून जातात आणि बरोबर माणसाच्या खांद्यामानेच्या उंचीवर. टपरीवाल्यानं सुतळीनं पुढचं चाक सायकलीच्या सांगाड्याला बांधून दिलं. हँडल आत गेलं. चहाचे पैसे घेतले, सुतळीचे नाही.

पुढे धामनोदजवळ आग्रा-मुंबई रस्ता लागतो. लहानपणी तो 'तीन नंबर' होता, आता त्याला राष्ट्रीय महामार्ग ५२ म्हणतात, पण आमच्या तोंडी तो 'एबी रोड'च. याच रस्त्यावर खलघाटचा नर्मदेवरचा पूल. १८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एसटी त्या पुलावरून नदीत गेली आणि त्यातल्या बारा जणांचे मृतदेह काढावे लागले. खानदेशातली कितीतरी घरं आणि आमची इथली मराठी घरं या एका रस्त्यानं बांधलेली आहेत. सोयरीक, बारसं, मयत, सगळं याच रस्त्यानं. त्यामुळे तो पूल नुसता दिशेला असला तरी पोटात काहीतरी हलतं. त्या दिवशी जरा जास्तच हललं.

महामार्गावर तपासणी चालू होती. एका प्रौढ हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. कागद बघितले, पट्टा बघितला, सगळं ठीक. मग ते मागे गेले आणि मला बोलावलं.

"मॅडम, गाडीचा नंबर काय?"

मी सांगितला.

"तुम्ही सांगितला म्हणून कळला. वाचून दाखवा."

वीस पावलं मागे नेऊन त्यांनी मला उभं केलं. नंबराची पाटी डिकीवर, तिच्यावर दोन सायकलींची चार चाकं आणि साखळ्या. फक्त पहिली दोन अक्षरं दिसत होती. त्यांनी लेकीला गाडीत बसवून दिवे लावायला सांगितले. डावा इंडिकेटर लागला की नाही ते मला कळलं नाही; सायकलीच्या सीटनं तो पूर्ण झाकला होता. ब्रेकचा एक लाल दिवा अर्धा दिसत होता. "सकाळ आहे म्हणून ठीक. संध्याकाळी परत येताना मागचा ट्रकवाला काय बघून थांबणार?" ते म्हणाले. मी ओढणीचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आता वाटतं.

त्यांनी पावती फाडली नाही. पण सायकली तशाच पुढे नेऊ दिल्या नाहीत, हे त्याहून बरं केलं. दोन्ही खाली उतरवून घेतल्या. मागची सीट पाडली, ह्यांच्या सायकलीचं पुढचं चाक काढलं आणि ती आत आडवी घातली. लेकीची लहान, तीही चाक काढून तिच्यावर. मध्ये चादर. लेक उरलेल्या फटीत पाय पोटाशी घेऊन बसली आणि मांडवपर्यंत तिच्या गालाला साखळीचं तेल लागलेलं. सगळ्याला वीस मिनिटं लागली. म्हणजे रॅकची गरजच नव्हती! भाऊजींना हे मी अजून सांगितलेलं नाही.

मांडवबद्दल मी थोडकंच लिहिणार आहे, कारण त्यावर या पानांत पूर्वीही आलं आहे. घाट चढताना गोरखचिंचेची ती फुगीर बुंध्याची झाडं दिसायला लागली की लेकीचा चेहरा खुलला. जहाज महालापासून रूपमती मंडपापर्यंत दोघं बापलेक सायकलीवर आणि मी मागून गाडीत, कारण तिसरी सायकल नव्हती. मला पहिल्यांदाच मांडवमधली अंतरं समजली. गाडीतून एक इमारत संपली की दुसरी लागते. सायकलीवरच्या माणसामागून दहाच्या वेगानं गेलं की मधली शेतं, तळी, भिलांच्या वस्त्या, पडलेल्या कमानी, आणि एखाद्या घुमटाच्या सावलीत बांधलेली म्हैस हे सगळं दिसतं. रूपमती मंडपावरून हवा स्वच्छ असली तर खाली नर्मदेची रेघ दिसते. त्या दिवशी दिसली. ह्यांनी बोटानं धरमपुरीची दिशा दाखवली आणि आम्ही तिघंही जरा वेळ गप्प बसलो.

परत आल्यावर मी दोन कामं केली. एक, शिवणाच्या डब्यातली टेप काढून मोजमाप घेतलं. आमच्या छोट्या गाडीची रुंदी एकशे बासष्ट सेंटीमीटर. ह्यांच्या सायकलीची लांबी चाकाच्या टोकापासून टोकापर्यंत एकशे अठ्ठ्याहत्तर. म्हणजे अगदी मधोमध टांगली तरी दोन्हीकडून आठ-आठ सेंटीमीटर बाहेर येणारच. ती वाईट बांधली होती हे खरं, पण चांगली बांधूनही ती आत मावली नसती. पुढचं चाक काढलं की लांबी एकशे चाळीसच्या आसपास येते आणि मग प्रश्न मिटतो. हे गणित चौथीतलं आहे. एम.ए. झालेल्या बाईनं ते निघण्यापूर्वी केलं नाही.

दुसरं काम, कायदा वाचला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात सायकलच्या रॅकचं नावही नाही, म्हणून रॅक लावणं हाच गुन्हा असं कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही, आणि रॅक दुकानात मिळतो म्हणजे तो कसाही वापरायला मोकळीक आहे असं म्हणणारेही चूक. कायदा बघतो ते गाडीवरच्या भाराकडे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४ मध्ये एक पोटकलम आलं, १ए. भार किंवा त्याचा कोणताही भाग गाडीच्या बाजूंच्या बाहेर, पुढे, मागे किंवा उंचीला परवानगीच्या मर्यादेबाहेर गेला तर दंड वीस हजार रुपये, आणि तो भार उतरवण्याचा खर्च वेगळा. वीस हजार! वाचताना माझा श्वास अडकला. हे कलम काही आमच्यासारख्यांसाठी लिहिलेलं नाही, ते मुख्यतः लोखंड आणि ऊस आणि कडबा वाहणाऱ्यांसाठी आहे. पण त्यात 'कोणताही भाग' हे शब्द आहेत आणि ब्रेकची दांडी हा भाग आहे. प्रत्यक्षात जागेवर किती रक्कम घेऊन प्रकरण मिटवता येईल हे कलम २०० खाली राज्य सरकारं ठरवतात, त्यामुळे इकडच्या आणि महाराष्ट्रातल्या पावतीत फरक पडू शकतो. सीमेवर राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

सळयांची गोष्टही याच ओघात वाचली. गाडीच्या मागे लोखंडी सळया मीटरभर बाहेर काढायची सवलत पूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांतच होती. आपण सगळ्यांनी ते लाल फडकं बांधलेलं टोक पाहिलं आहे. मागून येणाऱ्या किती जणांच्या छातीत ती टोकं घुसली असतील! सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि २०१४ साली ती सवलत काढून टाकण्यात आली. लाल फडकं बांधलं म्हणजे झालं, ही आपल्या मनातली समजूत मात्र अजून कोणी काढलेली नाही.

पाटीचं वेगळं. नंबर पुढे आणि मागे दोन्हीकडे नियमाप्रमाणे दिसला पाहिजे, हे कलम ४१ आणि त्याखालचे नियम सांगतात. ज्या चुकीला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही तिला कलम १७७ लागतं, पहिल्यांदा पाचशे रुपयांपर्यंत, पुन्हा केली तर दीड हजारापर्यंत. रक्कम लहान आहे. पण विचार करा, ती ओढणी मानेला गुंडाळलेली असती, ती बाई पडली असती आणि मी घाबरून न थांबता निघून गेले असते, तर माझी गाडी कोणाला ओळखता आली असती? नंबर दोन सायकलींच्या मागे होता.

बाहेरच्या देशांत यावर साधे उपाय काढले आहेत. माझा भाचा जर्मनीत असतो. तिथं रॅकनं मागची पाटी झाकली जात असेल तर त्याच नंबराची आणखी एक पाटी रॅकवर लावायची आणि तिच्यावर दिवाही हवा. त्याच्या रॅकला दिव्यांचा आडवा पट्टाच आहे, गाडीच्या विजेला जोडलेला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियासारख्या राज्यांत परिवहन खातंच सायकल-रॅकसाठी वेगळी पाटी देतं. इटली आणि स्पेनमध्ये मागे बाहेर आलेल्या भारावर अर्धा मीटर चौरसाची लाल-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची पाटी लावावी लागते. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षेच्या पाट्या आल्या, पण मिळतात त्या दोनच, एक पुढे आणि एक मागे, शिवाय काचेवरचा स्टिकर. तिसरी पाटी पेंटरकडून रंगवून घ्यायचा सल्ला मला दोघांनी दिला. तो मी घेतला नाही. सरकारनं रॅकसाठी पाटी द्यायला काय हरकत आहे, असं मात्र वाटतं. मांडवला, महाबळेश्वरला, कोकणात आता अशा गाड्या वाढतच जाणार. नियम आधी आले तर बरे, ओढण्या फाटल्यावर येण्यापेक्षा.

गाडीच्या टपावर उभी सायकल बांधायचा प्रकारही आहे. त्यात पाटी आणि दिवे मोकळे राहतात. पण गाडीची उंची दीड-पावणेदोन मीटर आणि वर सायकल मीटरभर, म्हणजे डोक्यावर किती आहे ते चालवणाऱ्याला सतत आठवावं लागतं. धारकडून मांडवला शिरताना आलमगीर दरवाजासारख्या जुन्या वेशी लागतात, आणि आमच्या घराच्या फाटकावर जाईची कमान आहे. मी विसरणार हे मला माहीत आहे. शिवाय टपावर किती किलो चालतं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि ते पुस्तक आमच्याकडे अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे.

आता आम्ही सायकली आतच नेतो. चाक काढायला लेक शिकली आहे, तिला ते दोन मिनिटांत जमतं. रॅक माळ्यावर आहे. मागच्या महिन्यात भाऊजी आले तेव्हा त्यांनी विचारलंच, "वहिनी, रॅक वापरता ना?" मी त्यांना बाजारातली सगळी हकीकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून अंगणात गेले आणि आपल्या गाडीच्या मागे उभे राहून, हातानं, त्यांच्या सायकलीचं हँडल कुठपर्यंत येतं ते मोजायला लागले. मी घरातून टेप आणून दिली.